फॅमिली फोटोला साडेशेहेचाळीस हजार?

वाचकाचं पत्र

नमस्कार,

आम्ही सांगलीत राहतो. मिस्टरांचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, मी घरी शिकवण्या घेते. मार्गशीर्षात माझ्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. थोरले दीर पुण्यात आयटीत आहेत, नणंद न्यू जर्सीहून दोन आठवड्यांसाठी येणार आहे. सगळे मिळून आम्ही सतरा जण होतो आणि असे एकत्र कित्येक वर्षांत आलेलो नाही. म्हणून जाऊबाईंनी पुण्याच्या एका फोटोग्राफरकडून फॅमिली शूट करायचं मनावर घेतलंय. त्याचं कोटेशन त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकलं. दोन तासांचं शूट आणि १५ एडिट केलेले फोटो, १५,००० रुपये. प्रवास आणि मुक्काम ६,०००. सजावट आणि बॅकड्रॉप ४,०००. २४ बाय ३६ इंची कॅनव्हास ९,५००. २० पानी अल्बम १२,०००. एकूण ४६,५००, आणि खाली बारीक अक्षरांत ‘जीएसटी वेगळा’. तिघा भावंडांत समान वाटणी म्हणजे आमच्याकडे १५,५०० येतात. मिस्टरांनी लगेच ग्रुपवर अंगठा टाकला. रात्री मला म्हणाले, मुलीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेत त्यातले घेऊ.

आमच्या गल्लीतला फोटोग्राफर ३,००० मध्ये सगळं करून देतो म्हणतोय. नणंद म्हणते, अमेरिकेच्या मानानं हे काहीच नाही. मला विचारायचंय, ही लूट नाही का? आणि मी नको म्हटलं तर तो कद्रूपणा ठरेल का? त्यात जाऊबाईंनी सगळ्यांना फिक्या गुलाबी कपड्यांची थीम ठरवलीय आणि सासूबाई म्हणतात, मी नऊवारीच नेसणार.

एक वाचक, सांगली

उत्तर

ताई,

ही लूट नाही, आणि तुम्ही कद्रूही नाही. मागितलेली रक्कम रास्त असली तरी ती प्रत्येकाच्या खिशाला झेपतेच असं नाही, आणि आपल्याला झेपत नाही म्हणून मागणारा लुटारू ठरत नाही. आधी फोटोग्राफरची बाजू सांगते. ती कळली की कोटेशनमधलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

‘दोन तासांचे पंधरा हजार’ असं आपण वाचतो आणि दचकतो. पण पुण्याहून सांगलीला यायला चार-पाच तास, परत जायला तेवढेच, म्हणजे त्याचा अख्खा दिवस गेला. सतरा माणसांच्या शूटमध्ये दोन-तीनशे क्लिक सहज होतात. त्यातले हललेले, डोळे मिटलेले बाजूला काढायचे, पंधरा निवडायचे, सगळ्यांचे रंग सारखे करायचे. मुख्य फोटोत नेमके काकांचे डोळे मिटले असतील तर शेजारच्या क्लिकमधला त्यांचा चेहरा आणून इथे बसवायचा. हे कॉम्प्युटरपुढचं काम कुणाला दिसत नाही, पण त्यात आणखी दिवस-दोन दिवस जातात. व्यावसायिक कॅमेऱ्याची नुसती बॉडी दीड-दोन लाखांच्या घरात जाते, बरी लेन्सही लाखाच्या पुढे. ऐन वेळी कॅमेरा रुसला तर काम अडू नये म्हणून दुसरा जवळ ठेवावा लागतो. फ्लॅश, मदतीचा पोरगा, सॉफ्टवेअरचं दरमहा भाडं हे वेगळंच. आणि हा धंदा बारमाही नाही. आषाढी एकादशीनंतर बहुतेक लग्नं थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत, पुढे पौषात पुन्हा थांबतात. तुम्ही त्याला बोलावताय तो मार्गशीर्ष मात्र ऐन मुहूर्तांचा. त्या तारखेला तुमच्याकडे यायचं तर त्याला कदाचित एखादं लग्न सोडावं लागेल.

‘पूर्वी स्टुडिओत किती स्वस्तात फॅमिली फोटो निघायचा’ असं सगळेच म्हणतात. निघायचा, कारण त्या स्टुडिओचं पोट फॅमिली फोटोवर नव्हतंच. पासपोर्ट साइझ फोटो, शाळा-कॉलेजच्या फॉर्मला लागणारे फोटो, लोकांचे रोल धुवून प्रिंट काढून देणं, यावर गाळ्याचं भाडं आणि पोराचा पगार सुटायचा. फॅमिली फोटो ही वरकमाई. आता रोल गेले. आधारचा फोटो आधार केंद्रातच काढतात, पासपोर्टचा पासपोर्ट सेवा केंद्रात. बाकीचे मोबाइलवर. रोजची ती चिल्लर कमाई आटली आणि सगळा भार शूटवर आला. स्टुडिओवाला काही एका रात्रीत हावरट झालेला नाही. आणि त्याआधी तर चांगला फोटो ही श्रीमंतांचीच गोष्ट होती. राजा दीनदयाळ यांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ थाटला तेव्हा त्यांच्यासमोर बसायचे ते संस्थानिक, इंग्रज अधिकारी आणि पैसेवाली घराणी. आपल्यासारख्यांच्या घरात फोटो आला तो फार मागाहून, आणि तोही आयुष्यात एक-दोनदा.

आता कोटेशनकडे पाहा. त्यातले १५,००० त्या माणसाच्या हाताचे आणि नजरेचे आहेत. उरलेले ३१,५०० वस्तूंचे आणि सोयींचे आहेत. कपात करायची ती तिथे. मजुरीत घासाघीस करू नका. केलीत तर तो निवडीत आणि एडिटिंगमध्ये हात आखडता घेईल, आणि ते तुम्हाला फोटो हातात पडेपर्यंत कळणारही नाही.

सजावट आणि बॅकड्रॉपचे चार हजार सरळ काढून टाका. ८१ वर्षांचा माणूस आपल्या घराच्या ओसरीत, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसलेला असावा. त्याच्या मागे भाड्यानं आणलेल्या कागदी फुलांची भिंत कशाला? दहा वर्षांनी मुलं त्या फोटोत जुनं दार, तुळशीवृंदावन, खिडकीचे गज शोधतील.

अल्बमही नको. फोटो १५ आणि पानं २०, हा हिशेबच मला पटत नाही. लग्नाच्या अल्बमला अर्थ असतो, तिथे विधींचा क्रम असतो, दोन्हीकडचे पाहुणे असतात. इथे एकाच दुपारचे, त्याच माणसांचे फोटो आहेत. ते मोठे करून पानापानावर पसरवायचे बारा हजार होतात.

कॅनव्हासचं उत्तर भिंतीवर आहे. तीन फुटी चित्र तुमच्याकडे, पुण्याच्या फ्लॅटमध्ये की न्यू जर्सीला, नक्की कुठे लागणार? एकच काढला तर तो कुणाकडे राहणार, यावरून उद्या कुरबुर होईल ती वेगळीच. त्यापेक्षा प्रत्येक घरानं १२ बाय १८ इंची एक प्रिंट आपापल्या खर्चानं काढावा. कलर लॅबमध्ये तो काही शे रुपयांत निघतो आणि फ्रेम आपल्या आवडीची, आपल्या ऐपतीची करता येते. मॅट कागद घ्या, समोरच्या ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकत नाही. फ्रेमवाल्याला आतून माउंट लावायला सांगा, म्हणजे काच आणि फोटो यांच्यात थोडी फट राहते. ती नसली की पावसाळ्यात ओल धरून फोटो काचेला चिकटतो. सासूबाईंचा एखादा जुना फोटो असा चिकटलेला असेल तर तो ओढून सोडवायला जाऊ नका, काचेसकट स्कॅन करून घ्या.

राहिला प्रवास-मुक्काम आणि जीएसटी. जीएसटी वेगळा म्हणजे ४६,५०० वर १८ टक्के, ८,३७० रुपये. एकूण ५४,८७०. तुमचा वाटा १५,५०० नसून १८,२९० आहे, हे मिस्टरांनी अंगठा टाकताना पाहिलेलं दिसत नाही. आणखी एक विचारून घ्या. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नसेल तर त्याला तो कर आकारताच येत नाही. आकारत असेल तर बिलावर १५ आकडी-अक्षरी नंबर हवा, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा. हे विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

नणंदबाई म्हणतात ते खोटं नाही, अमेरिकेत हे काम महागच आहे. तिथे सिअर्स आणि वॉलमार्टच्या दुकानांत स्वस्तात कुटुंबाचे फोटो काढून देणारे स्टुडिओ होते. ते चालवणारी सीपीआय नावाची कंपनी २०१३ साली एकाएकी बंद पडली. तिथे अनेक फोटोग्राफर फोटो काढायचे पैसे थोडे घेतात आणि कमाई प्रिंटवर काढतात. पन्नास फोटो पडद्यावर दाखवतात, त्यातला एकही सोडवत नाही, आणि बिल फुगत जातं. आपल्याकडेही काही जण आता त्याच वाटेनं निघालेत. म्हणून पुण्याच्या फोटोग्राफरला आजच विचारा, ‘पंधराच्या पुढचा प्रत्येक फोटो कितीला?’ तो आकडा लेखी हवा. पण नणंदबाईंचा मुद्दा तुमच्या घराला लागू होत नाही. डॉलरमध्ये पगार घेणाऱ्याला जे काहीच नाही, ते दुकानाच्या गल्ल्यातून काढायचं तर वह्या-पेनं किती विकावी लागतात, हे तुम्ही जाणता. त्यांना ते कुणी सांगितलेलंच नाही.

आणि इथेच खरी गाठ आहे, ताई. कोटेशन महाग असणं ही तुमची अडचण नाही. मिस्टरांनी मुलीच्या फीला हात घालायचं कबूल केलं, पण भावाला ‘एवढं जमणार नाही’ म्हणाले नाहीत, ही अडचण आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. समान वाटणी ऐकायला न्याय्य वाटते, पण तिघांची मिळकत समान नसेल तर तीच वाटणी एकाला किरकोळ आणि दुसऱ्याला जड होते. थोरल्या दिरांनी किंवा नणंदेनं मुद्दाम तुम्हाला अडचणीत आणलंय असं मला तुमच्या पत्रावरून अजिबात वाटत नाही. त्यांनी तिघांत भागलं, कारण शाळेत तसंच शिकवलंय.

जाऊबाईंनाही खलनायिका करू नका. सतरा जण एकत्र येतायत, सासरे आता थकलेत, तेव्हा फोटो काढून ठेवावा, हे त्यांच्या मनात आलं. बाकी सोळा जणांच्या मनात आलं नाही. त्यांच्याबद्दल मिस्टरांशी बोलाल तेव्हा सुरुवात तिथून करा.

ग्रुपवर काही लिहू नका. तिथे लिहिलेलं सतरा जण वाचतात आणि सतरा अर्थ निघतात. मिस्टरांनी दादांना फोन करावा, रात्री जेवणं झाल्यावर, आणि सरळ सांगावं, ‘दादा, फोटो झालाच पाहिजे आणि चांगलाच झाला पाहिजे. मी घाईत हो म्हटलं, पण माझ्याकडून पाच हजारांच्या वर निघणार नाहीत. अल्बम आणि कॅनव्हास काढला तर सगळ्यांचंच कमी होतंय, मी हिशेब पाठवतो.’ एवढंच. दुकान मंदीत आहे, पोरीची फी आहे, हे रडगाणं गाऊ नये. कारणं दिली की समोरचा त्या कारणांवर तोडगा काढायला लागतो, ‘असू दे, तुझे मी भरतो’ म्हणतो, आणि मग मिंधेपण येतं.

हिशेब असा. शूट १५,०००. मुक्काम टाळता आला तर प्रवासाचे ४,००० धरू. एकोणीस हजारांवर जीएसटी ३,४२०. एकूण २२,४२०. तुमचे ५,००० वजा जाता १७,४२० उरतात, दोघांत ८,७१०. मूळ कोटेशनप्रमाणे त्यांचेही प्रत्येकी १८,२९० जात होते. म्हणजे तुम्ही कमी देऊनही त्यांचा खर्च निम्म्याच्या खाली येतो. हे कागदावर मांडून दाखवलं तर कुणाला वाईट वाटण्याचं कारण उरत नाही. पाच हजारसुद्धा जड असतील तर तीन म्हणा. पण मुलीच्या फीला हात लावू नका. ऋण काढून सण करण्यातलाच तो प्रकार.

मुक्काम टाळायचा कसा? शूट दुपारी चारला ठेवा. फोटोग्राफर सकाळी पुण्याहून निघेल, जेवायला तुमच्याकडेच येईल आणि रात्री परत जाईल. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे सव्वाचार ते साडेपाच हा उजेड फोटोला फार गोड असतो. सासऱ्यांची दुपारची झोप आणि चहा झालेला असतो, ते ताजेतवाने असतात. आणि कृपा करून हे सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी करू नका. त्या दिवशी होमाचा धूर, ओवाळणारे पाहुणे, पंगतींची गडबड, संध्याकाळपर्यंत यजमान गळून जातात. आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी करा.

आता गल्लीतल्या तीन हजारवाल्याबद्दल. स्वस्त म्हणून त्याला मोडीत काढू नका. सांगली-मिरजेत हाताचे चांगले फोटोग्राफर आहेत, त्यांना पुण्यातल्या जागेचं भाडं भरावं लागत नाही, प्रवास नाही, म्हणून दर कमी असतो. पण पारख करा. त्याचे निवडक दहा फोटो पाहू नका, ते सगळ्यांचेच छान असतात. एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या कामाचे सगळे फोटो दाखव म्हणा. मागच्या रांगेतले चेहरे स्पष्ट आहेत का? कडेची माणसं ताणल्यासारखी जाड दिसतात का? तसं दिसत असेल तर तो जवळ उभा राहून वाइड लेन्सनं काढतो, मोठ्या ग्रुपला ते चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बघा. कातडी प्लास्टिकसारखी गुळगुळीत केली असेल, सावळ्या माणसांना गोरं केलं असेल, तर तीन हजारांतही त्याला बोलावू नका. पुण्याच्या फोटोग्राफरलाही हीच कसोटी लावा, हा रोग दरावर अवलंबून नाही. जो कोणी येईल त्याला लिहून कळवा, ‘सुरकुत्या पुसू नका, रंग उजळू नका.’ याबद्दल मला मनापासून वाटतं. शेतात, दुकानात, स्वयंपाकघरात रापलेला चेहरा हेच त्या माणसाचं आयुष्य असतं. नातवंडांना आपला आजोबा ओळखू यायला हवा.

सतरा जणांतल्या एखाद्या भाच्याकडे चांगला कॅमेरा असतो आणि ‘मीच काढतो’ असं तो उत्साहानं म्हणतो. त्याला म्हणावं, बाळा, मग तू फोटोत नसशील. ट्रायपॉड आणि टायमर लावून तो पळत येऊन उभा राहीलही, पण कुणाची मान वाकडी आहे, कुणाचा पदर सरकलाय, हे बघायला कॅमेऱ्यामागे कुणीतरी लागतं.

शूटच्या दिवशी आधी सगळ्या सतरा जणांचा फोटो घ्या, कारण लहान मुलं पहिल्या दहा मिनिटांतच शहाणी असतात. मग आजी-आजोबा आणि तिन्ही मुलं, मग नातवंडं, मग एकेक घर. यादी आधी कागदावर लिहा आणि नावं पुकारायला एकच आवाज ठेवा, तो जाऊबाईंचा असू दे. उन्हात उभं राहू नका, घराच्या सावलीच्या बाजूला उभे राहा, भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे. कृष्णेचा घाट फोटोला सुंदर दिसतो, पण त्या पायऱ्या ८१ वर्षांच्या गुडघ्यांसाठी नाहीत. सासऱ्यांना हाताची खुर्ची द्या. ते रोज टोपी घालत असतील तर फोटोतही घालू द्या, चष्मा लावत असतील तर तोही असू द्या. काचेवर चमक आली तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलल्या की ती जाते.

कुणाचे तरी डोळे मिटणारच. यावरही गणित झालंय. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना त्यासाठी २००६ साली इग नोबेल मिळालं. वीसपेक्षा कमी माणसांचा ग्रुप असेल तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीननं भागा, कमी उजेडात दोननं, तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची चांगली शक्यता असते. तुमच्या सतरा जणांसाठी सहा क्लिक. फोटोग्राफर ‘अजून एक’ म्हणाला की कंटाळू नका, एवढंच.

आता ज्यासाठी मी पंधरा हजारही योग्य मानते ती गोष्ट. सासऱ्यांचा एकट्यांचा, सासूबाईंचा एकट्यांचा आणि दोघांचा मिळून, असे तीन फोटो त्या दुपारी शांतपणे काढून घ्या. सगळा गलका ओसरल्यावर, मुलांना आत पाठवून. हे बोलायला जड जातं, पण आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचा एकट्याचा चांगला फोटो बहुतेक वेळा नसतोच. वेळ येते तेव्हा मुलं मोबाइल चाळतात आणि कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून फ्रेम करतात. शेजारच्याचा खांदा तसाच राहतो. ते हार घातलेले धूसर फोटो मी अनेक घरांत पाहिलेत आणि दर वेळी वाईट वाटलंय. दोघं बसलेत, बोलतायत, हसतायत, तोवरच हे करून घ्यायचं. यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत, फक्त आधी सांगून ठेवावं लागतं.

कपड्यांचा प्रश्न मला सोपा वाटतो. सासूबाईंना नऊवारी नेसू द्या, ती त्यांच्या आवडीच्या रंगाची. सगळे एकाच फिक्या गुलाबी रंगात आले की चेहरे वेगळे दिसायचे थांबतात आणि फोटो बॅण्डपथकासारखा दिसतो. जाऊबाईंना सांगता येईल, ‘वहिनी, आईंची नऊवारी ज्या रंगाची असेल त्याला शोभतील असे रंग आपण सगळे घालू या का?’ थीम त्यांचीच राहते, फक्त मध्यभागी सासूबाई येतात. बारीक चौकड्यांचे शर्ट तेवढे टाळा, कॅमेऱ्यात त्यांवर लाटा दिसतात.

हक्कांचं थोडं सांगते, कारण यावर नंतर भांडणं होतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणे, तुम्ही मोबदला देऊन फोटो काढून घेतलात आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर पहिला हक्क तुमचा असतो. अमेरिकेत सहसा उलट असतं, तिथे तो फोटोग्राफरकडे राहतो. त्यामुळे नणंदबाई ‘फोटो त्याचेच असतात’ म्हणाल्या तर त्या तिथलं सांगतायत. म्हणून कोटेशनमध्ये ‘सर्व हक्क फोटोग्राफरकडे’ अशी ओळ आहे का ते बघा आणि असेल तर काढायला लावा. मुलांचे फोटो त्याच्या इन्स्टाग्रामवर चालणार नसतील तर तेही आधीच सांगा. पंधराही फोटो पूर्ण आकारात, पेन ड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर मागा. १२ बाय १८ च्या स्वच्छ प्रिंटला ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, मग लॅबवाला म्हणतो ‘फाटतोय’. रॉ फाइल मात्र मागू नका, तो कच्चा माल असतो आणि बहुतेक फोटोग्राफर देत नाहीत.

तारीख, वेळ, फोटोंची संख्या, जादा फोटोचा दर, किती दिवसांत देणार, आणि सासऱ्यांची तब्येत बिघडली तर अ‍ॅडव्हान्स पुढच्या तारखेला वळता होणार की नाही, एवढं एका मेसेजमध्ये लिहा आणि त्याच्याकडून ‘ओके’ घ्या. पैसे घेऊन फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि तेव्हा हाच मेसेज कामी येतो. अ‍ॅडव्हान्स यूपीआयनं द्या, रोख देऊ नका.

मुहूर्तांच्या दिवसांत चांगला माणूस ऐन वेळी मिळत नाही, म्हणून दादांना फोन आज रात्रीच झाला तर बरं. त्यांचा होकार आला की उद्या सकाळी फोटोग्राफरला सुधारलेली यादी पाठवा, बॅकड्रॉप, अल्बम आणि कॅनव्हास वगळून, दुपारी चारची वेळ घालून. तो या कमी कामाला नाही म्हणाला तर तीच यादी गल्लीतल्या फोटोग्राफरकडे घेऊन जा, आणि त्याचे तीन हजार त्याच्या कामाच्या मानानं कमी वाटले तर स्वतःहून वाढवून द्या.